नावाबरोबर खात्रीही सांगा : फोटोवरून वन्यजीव ओळखणारी अ‍ॅप्स बनवणाऱ्यांना खुले पत्र

फोटोवरून प्राणी, पक्षी, कीटक ओळखणारी मॉडेल आणि अ‍ॅप्स तयार करणाऱ्या अभियंत्यांना, संशोधकांना आणि ती चालवणाऱ्या संस्थांना,

सप्रेम नमस्कार.

लोकांनी टाकलेल्या फोटोंवरची नावं तपासायचं आणि गरज पडेल तिथे दुरुस्त करायचं काम मी स्वयंसेवक म्हणून करते. माझ्यासमोर येणाऱ्या नोंदींपैकी बऱ्याच नोंदींवर पहिलं नाव आता मॉडेलनं, म्हणजे असंख्य फोटोंवरून शिकलेल्या संगणकीय प्रणालीनं, सुचवलेलं असतं, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. ज्यानं पक्ष्यांचं पुस्तक कधी उघडलेलं नाही त्यालाही समोरच्या पक्ष्याचं नाव काही सेकंदांत कळतं, ही लहान गोष्ट नाही. त्याबद्दल तुमचे आभार मानूनच पुढचं लिहिते.

भर उन्हात समोरून काढलेला मोराचा फोटो असो, की संध्याकाळच्या अंधुक उजेडात फांदीआड दिसलेली एखाद्या पर्णवटवट्याची नुसती शेपटी असो, अनेक अ‍ॅप्समध्ये पडद्यावर नाव येतं ते त्याच ठळक अक्षरांत. मॉडेलला मात्र या दोन फोटोंतला फरक जाणवलेला असतो. प्रत्येक नावासाठी त्यानं आत एक आकडा काढलेला असतो. मोरासाठी तो ०.९९ असेल. त्या शेपटीसाठी ०.२२ असेल, आणि त्याच्या पाठोपाठ ०.२०, ०.१७ अशी आणखी दोन नावं उभी असतील. फोटो काढणाऱ्यापर्यंत पोचतं ते फक्त पहिलं नाव. आकडा वाटेतच गळतो.

तो गळू देऊ नका, ही माझी पहिली मागणी. तिला जोडूनच दुसरी, माझ्या मते जास्त महत्त्वाची: जो आकडा दाखवाल तो प्रत्यक्ष चुकांशी ताडून पाहिलेला असू द्या.

हे अशक्य नाही, तुमच्यातल्याच काहींनी अर्धी वाट चालून दाखवली आहे. लोकांच्या निसर्गनोंदी गोळा करणाऱ्या आयनॅचरलिस्ट या व्यासपीठानं २०१७ मध्ये फोटोवरून सूचना द्यायला सुरुवात केली. तिथे प्रजातींच्या यादीच्या वर 'हे अमुक जीनसमधलं (जवळच्या प्रजातींच्या गटातलं) आहे याची बरीच खात्री वाटते' अशा अर्थाचं वाक्य येतं. त्यांचंच सीक हे अ‍ॅप प्रजातीपर्यंत पोचता आलं नाही तर जीनसवर किंवा कुळावर थांबतं. कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जंगलात बसवलेल्या आणि आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, फोटोंत प्राणी आहे की माणूस की वाहन, एवढंच शोधणारं मेगाडिटेक्टर हे मॉडेल सापडलेल्या गोष्टीभोवती आखलेल्या प्रत्येक चौकटीबरोबर आकडा देतं आणि किती आकड्याखालच्या चौकटी सोडून द्यायच्या ती मर्यादा ठरवणं वापरणाऱ्यावर सोपवतं. म्हणजे आकडा दाखवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. दाखवायचं ठरवावं लागतं.

चुकीचं नाव सगळीकडे सारखंच महाग पडत नाही. फुलपाखराच्या नावात गल्लत झाली तर नोंद दुरुस्त करून भागतं. मण्यार आणि कवड्या यांच्यातली गल्लत जिवावर बेतू शकते. दोन्ही साप गडद, दोघांच्या अंगावर पांढरट आडवे पट्टे, दोघेही रात्री फिरणारे. मण्यार अत्यंत विषारी, कवड्या बिनविषारी. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात. कवड्याचे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवर मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते, कवड्याला ती नसते. आता फोटोत सापाचं फक्त मधलं वेटोळं आलं असेल आणि फ्लॅशनं खवले चकाकले असतील, तर यातलं काहीच धड दिसत नाही. अशा फोटोवर मॉडेलनं कवड्याला ५५ आणि मण्यारीला ४० असा कौल दिला, आणि पडद्यावर फक्त 'कवड्या' उमटलं, तर? हा साप मण्यार असण्याची चांगलीच शक्यता आहे, ही मॉडेलकडची सर्वांत मोलाची माहिती बघणाऱ्याला मिळालीच नाही. अ‍ॅपच्या भरवशावर कोणत्याही सापाला हात लावू नये हे खरंच, ते तुम्ही लिहिताही. पण ती सूचना प्रत्येक सापाखाली तीच असते, म्हणून ती कोणी वाचत नाही. या फोटोखाली या फोटोपुरती सूचना हवी. यादीत दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी विषारी नाव असेल तर ते पहिल्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत दिसलं पाहिजे, मग पहिल्या नावाचा आकडा काहीही असो.

दुसरं नुकसान सावकाश होतं आणि ते मी रोज पाहते. नवखा माणूस पहिली सूचना निवडतो. दुसरा, त्याच्याइतकाच नवखा, तीच सूचना पाहून सहमती नोंदवतो. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त जणांचं प्रजातीवर एकमत झालं आणि तारीख, ठिकाण, फोटो वगैरे अटी पूर्ण असल्या, की नोंदीला 'रिसर्च ग्रेड', म्हणजे संशोधनात वापरण्याजोगी असा दर्जा मिळतो. परवाना खुला असेल तर ती पुढे जीबीआयएफ या जैवविविधतेच्या जागतिक माहितीसाठ्यात जाते. वरून बघणाऱ्याला दोन माणसांचं एकमत दिसतं, प्रत्यक्षात ते एकाच मॉडेलचं मत दोनदा मोजलेलं असू शकतं. पुढचं मॉडेल अशाच नोंदींवर शिकतं, आणि आधीच्या मॉडेलची चूक त्याच्यापुढे पुरावा म्हणून येते. पहिल्या सूचनेशेजारी '१०० पैकी ३०' असं लिहिलेलं असतं तर दुसऱ्या माणसांपैकी काही जण तरी थबकले असते. सगळे नाही, पण काही जण पुरे असतात. चुकीचं एकमत होण्यासाठी प्रत्येक पायरीवर कोणीतरी न थबकणं आवश्यक असतं.

तरीही 'आतला आकडा जसाच्या तसा दाखवा' असं मी म्हणत नाही, कारण तो कच्चा आकडा म्हणजे शक्यता नव्हे. हे तुम्हाला ठाऊक आहे. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं सविस्तर सांगते.

बहुतेक मॉडेलांत शेवटच्या टप्प्यावर सॉफ्टमॅक्स नावाचं गणित असतं. मॉडेलला शिकवलेल्या सगळ्या नावांत मिळून १ एवढी बेरीज ते वाटून देतं. 'यांपैकी कोणीच नाही' असा पर्याय मुद्दाम घातला नाही तर तो नसतो. त्यामुळे मॉडेलनं कधीच न पाहिलेला भुंगा त्याच्यापुढे आला तरी तो पूर्ण १ ओळखीच्या भुंग्यांतच वाटला जातो, कधी कधी एकाच नावाच्या पदरात जवळजवळ सगळा. शास्त्रीय वर्णन झालेल्या प्रजाती सुमारे २० लाख आहेत, त्यांतले जवळजवळ निम्मे कीटक. आयनॅचरलिस्टच्या मॉडेलची यादी एक लाखाच्या थोडी पुढे आहे. मोठ्या सस्तन प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या बाबतीत हे अंतर फारसं जाणवत नाही. माश्या, कोळी, छोटे भुंगे यांच्याकडे वळलात की समोरची प्रजाती मॉडेलच्या यादीत नसणं हीच नेहमीची स्थिती असते.

यादीतल्या नावांबद्दलही मॉडेल गरजेपेक्षा जास्त ठाम असतात. चुआन ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की नवी खोल न्यूरल नेटवर्क (अशी मॉडेल ज्या प्रकारची असतात तो प्रकार) जुन्यांपेक्षा अचूक असली तरी त्यांच्या खात्रीचे आकडे त्यांच्या अचूकतेच्या पुढे धावतात. त्यांनी तपासलेला एक उपाय अगदी साधा आहे. टेम्परेचर स्केलिंग या पद्धतीत एकच संख्या शोधून काढायची आणि तिनं सगळे आकडे सौम्य करायचे. मॉडेल नव्यानं शिकवावं लागत नाही, नावांचा क्रमही बदलत नाही. एवढं सोपं काम अनेक अ‍ॅप्स करत नसतील, किंवा करूनही सांगत नसतील, तर त्याचं कारण मला खरंच समजत नाही.

आकडा खरा आहे की नाही हे ठरवण्याची रीत हवामानाच्या अंदाजासारखीच आहे. पावसाची शक्यता ७० टक्के सांगितली आणि पाऊस पडला नाही, म्हणून तो एक अंदाज खोटा ठरत नाही. ७० टक्के सांगितलेले सगळे दिवस एकत्र घ्यायचे आणि त्यांतल्या साधारण ७० टक्के दिवशी पाऊस पडला का ते बघायचं. ग्लेन ब्रायर यांनी अशा अंदाजांना गुण देण्याची पद्धत १९५० मध्येच मांडली. तुमच्या अ‍ॅपनं ज्या ज्या फोटोंवर ८० टक्के म्हटलं ते सगळे तज्ज्ञांनी तपासावेत आणि त्यांतले सुमारे ८० टक्के बरोबर निघावेत, एवढीच अपेक्षा आहे. ६० टक्के निघाले तर आकडा दुरुस्त करा. ९५ निघाले तरी करा.

पण ही तपासणी कोणत्या फोटोंवर होते, यावर सगळं अवलंबून आहे. बऱ्याचदा चाचणीसाठी प्रत्येक प्रजातीचे सारख्या संख्येनं फोटो घेतले जातात. प्रत्यक्षात कोणी असे फोटो टाकत नाही. समजा, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या दोन प्रजाती आहेत, एक सगळीकडे दिसणारी आणि एक दुर्मीळ. येणाऱ्या १,००० फोटोंपैकी ९९० पहिलीचे आहेत, १० दुसरीचे. मॉडेल इतकं चांगलं आहे की पहिलीच्या फोटोंवर ते फक्त २ टक्के वेळा चुकतं, आणि दुसरीचा एकही फोटो सोडत नाही. तरी काय होतं बघा: पहिलीचे सुमारे २० फोटो 'दुर्मीळ' म्हणून पुढे येतात, आणि खरोखरचे दुर्मीळ १०. म्हणजे 'दुर्मीळ' असा शिक्का बसलेल्या ३० नोंदींपैकी २० चुकीच्या. समसमान फोटोंच्या चाचणीत हेच मॉडेल ९९ टक्के अचूक ठरतं. संवर्धनाचे निर्णय ज्या नोंदींवर होतात त्या बहुधा दुर्मीळ प्रजातींच्याच असतात, म्हणून या गणिताची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. आकडा ताडायचा असेल तर लोक खरोखर जसे फोटो टाकतात त्याच मिश्रणावर ताडा: हललेले, अर्धवट, लांबून काढलेले, सामान्य प्रजातींची गर्दी असलेले.

जागा बदलली की हेही बदलतं. सारा बीरी, ग्रँट व्हॅन हॉर्न आणि पिएत्रो पेरोना यांनी २०१८ मध्ये कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवर दाखवलं, की ज्या ठिकाणच्या कॅमेऱ्यांवर मॉडेल शिकलं तिथे ते चांगलं चालतं, आणि तेच प्राणी नव्या ठिकाणच्या, नव्या पार्श्वभूमीच्या फोटोंत आले की चुका खूप वाढतात. उपलब्ध फोटोंचा मोठा हिस्सा उत्तर अमेरिका आणि युरोपातून येतो. मग उष्ण कटिबंधातल्या जंगलातल्या फोटोवर दाखवलेले ९० टक्के आणि युरोपातल्या बागेतल्या फोटोवर दाखवलेले ९० टक्के यांचं वजन एकच कसं असेल? गटानुसार आणि प्रदेशानुसार वेगळी तपासणी हवी. जिथे तपासणीपुरतेही फोटो नाहीत, तिथे आकड्याच्या जागी 'इथल्यासाठी तपासलेलं नाही' असं लिहा. मला ते वाचायला आवडेल.

आवृत्ती बदलली तरी आकड्याचा अर्थ बदलतो. मेगाडिटेक्टरच्या चौथ्या आवृत्तीत सुमारे ०.८ ही मर्यादा सर्रास वापरली जाई. पाचवी आवृत्ती आली तेव्हा निर्मात्यांनी स्वतःच सांगितलं की जुनी मर्यादा इथे चालणार नाही, ती ०.२ च्या आसपास ठेवा. ज्यांनी हे वाचलं नाही त्यांच्या हातून प्राणी असलेले फोटो रिकामे म्हणून निसटले असतील. निर्मात्यांनी ते मोकळेपणानं सांगितलं याचं कौतुकच आहे. मात्र आकडा आधीच ताडून दिलेला असेल तर असा खुलासा करायची वेळ कमी येते.

आकड्याचा योग्य उपयोग झाला तर काय साधतं, याचंही चांगलं उदाहरण आहे. टांझानियातल्या स्नॅपशॉट सेरेंगेटी या कॅमेरा ट्रॅप प्रकल्पाचे ३२ लाख फोटो आणि ४८ प्रजाती घेऊन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मॉडेलला जिथे खात्री वाटली ते फोटो त्याच्यावर सोपवले आणि उरलेले माणसांसाठी ठेवले. अशा रीतीनं ९९.३ टक्के माहितीचं काम यंत्रावर टाकूनही अचूकता स्वयंसेवकांच्या ९६.६ टक्क्यांच्या बरोबरीची राहिली. त्या मॉडेलची परीक्षा त्याच प्रकल्पाच्या फोटोंवर झाली होती, हे विसरता येत नाही. तरी कामाची ही वाटणी मला मनापासून पटते. माणसांचा वेळ थोडा आहे. तो शंकेच्या फोटोंवर जायला हवा, आणि शंका कुठे आहे हे सांगू शकणारं तुमचं मॉडेलच आहे.

तुमच्याकडून येणारा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. लोकांना टक्केवारी कळत नाही, ९० दिसलं की ते शंभर समजतात आणि ३० दिसलं की अ‍ॅपच कुचकामी मानतात, असं तुम्ही म्हणता. या भीतीत तथ्य आहे. पण आकडा लपवल्यावर लोक काय समजतात? सगळंच शंभर समजतात. तेव्हा दाखवायचं की नाही हा वाद सोडून कसं दाखवायचं यावर डोकं लावू या. हवामानबदलावरच्या आयपीसीसीच्या अहवालांत शब्दांना आकडे बांधून दिलेले आहेत: 'शक्य' या पातळीसाठी किमान ६६ टक्के, 'खूप शक्य' साठी किमान ९०, 'जवळजवळ निश्चित' साठी किमान ९९. डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की नुसते शब्द दिले तर वाचक त्यांचा अर्थ ठरवलेल्या अर्थापेक्षा मध्याकडे ओढतात, आणि शब्दाशेजारी आकडा दिला तर समज सुधारते. तेव्हा शब्द आणि आकडा एकत्र द्या. 'बहुधा कवड्या, अशा १०० फोटोंपैकी सुमारे ५५ वेळा बरोबर' हे वाक्य शाळकरी मुलालाही कळतं. ८७.४३ असले दशांश मात्र दाखवू नका. तेवढी बारकाई मॉडेलकडे नसते आणि ती पाहून वाचणाऱ्याचा विश्वास विनाकारण वाढतो.

कमी आकडा म्हणजे अपयश, हा समज दूर करायला आणखी एक मार्ग तुमच्या हातात आहे. युरोपात अ‍ॅक्रोनिक्टा साय आणि अ‍ॅक्रोनिक्टा ट्रायडेन्स असे दोन पतंग आहेत. त्यांचे सुरवंट सहज वेगळे ओळखू येतात, पण प्रौढ पतंगाच्या फोटोवरून तज्ज्ञही प्रजाती सांगत नाहीत, त्यासाठी जननेंद्रियांची तपासणी लागते. मॉडेलनं एकीला ४८ आणि दुसरीला ४७ दिले, तर 'प्रजाती : ४८ टक्के' हे वाचून निराशा होईल. त्याच दोन आकड्यांची बेरीज करून 'या दोहोंपैकी एक : ९५ टक्के' असं सांगितलंत, तर ते भक्कम आणि उपयोगी उत्तर आहे. युरोपातली दोन पिपिस्ट्रेल वटवाघळंही अशीच. त्यांच्यातला फरक मुख्यतः आवाजात आहे, एकीची हाक ४५ किलोहर्ट्झच्या आसपास, दुसरीची ५५ च्या. उडत्या वटवाघळाच्या फोटोवरून एखादं मॉडेल यांच्यातली एक प्रजाती ९० टक्के खात्रीनं सांगत असेल, तर त्याचा आकडाच तपासायला घ्यावा. कोणत्या प्रजाती फोटोवरून सुटत नाहीत याच्या याद्या त्या त्या गटाच्या अभ्यासकांकडे असतात. त्या मागा. ते आनंदानं देतील.

नकाशाबद्दल थोडंसं. अनेक अ‍ॅप्स ठिकाण आणि महिना बघून नावं वरखाली करतात, आणि ते योग्यच आहे. पण नाव वर आलं ते पिसाऱ्यामुळे की नकाशामुळे, हे वेगळं दिसू द्या. भरकटून आलेला पक्षी किंवा नव्यानं पसरू लागलेली आक्रमक प्रजाती नकाशाच्या विरोधातच येते, आणि नेमक्या त्याच नोंदी सर्वांत आधी हाताला लागायला हव्या असतात.

शेवटची मागणी साठवणुकीची. पडद्यावर दाखवलेला आकडा नोंदीबरोबर जपला गेला नाही तर वर्षभरानं त्याचा उपयोग शून्य. निसर्ग-अभ्यासकांनी शंका लिहून ठेवायची सोय पूर्वीपासून केली आहे, संग्रहालयातल्या चिठ्ठीवरही नावाआधी 'सीएफ.' लिहून ओळख पक्की नसल्याचं कळवतात. कॅमेरा ट्रॅपच्या माहितीसाठी तयार झालेल्या कॅमट्रॅप डीपी या मांडणीत ओळख माणसानं केली की यंत्रानं, कोणी केली, कधी केली आणि किती शक्यतेनं, यासाठी स्वतंत्र रकाने आहेत. ते भरा. त्यात मॉडेलची आवृत्ती आणि पहिली पाच नावं त्यांच्या आकड्यांसह जोडा, आणि माहिती उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला ती मिळू द्या. माणसानं स्वतः ओळखून दिलेलं नाव आणि सूचनेवर बोट ठेवून घेतलेलं नाव हेही वेगळं नोंदवा.

आमच्यासारख्या तपासणाऱ्यांनी दुरुस्त केलेल्या नोंदी तुमच्याकडे आधीच आहेत. मॉडेलनं काय म्हटलं आणि शेवटी काय ठरलं, याची जोडी त्यांतल्या पुष्कळ नोंदींत मिळेल. मात्र त्या नोंदी कोणीतरी लक्ष घालून पाहिलेल्या असतात, म्हणून तेवढ्यावर न थांबता न पाहिलेल्यांतूनही यादृच्छिक नमुना काढा. तो मॉडेलचं नाव झाकून आमच्याकडे पाठवा, आम्ही तपासून देतो. सुरुवात सापांपासून करावी असं मी सुचवेन, आणि निकाल आला की दाखवलेली खात्री आणि प्रत्यक्ष अचूकता यांचा आलेख प्रत्येक आवृत्तीबरोबर सगळ्यांना दिसेल असा ठेवावा. तुमच्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
नोंदी तपासणारी एक स्वयंसेवक